पगारपत्रक नाही, तरी नागपुरात स्वतःचं घर: फ्रीलान्सरसाठी रिटर्नपासून रजिस्ट्रीपर्यंत

फ्रीलान्स किंवा कंत्राटी काम करणाऱ्याला गृहकर्ज मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. कर्ज मिळतं. फरक एवढाच की नोकरदाराचं काम तीन पगारपत्रकं आणि फॉर्म १६ करून देतात, तुम्हाला तेच काम दोन-तीन वर्षांच्या कागदांतून स्वतः उभं करावं लागतं. बँक तुमची खरी कमाई बघत नाही, ती तुम्ही सरकारला लिहून दिलेली कमाई बघते. म्हणून मनीषनगर की बेसा, दाभा की वाठोडा, हा विचार सुरू होण्याच्या किमान दोन आर्थिक वर्षं आधी घरखरेदी सुरू झालेली असते. ती सीएच्या टेबलावर सुरू होते.

आधी रिटर्न

आयटी, आर्किटेक्चर, तांत्रिक सल्ला, इंटिरिअर, वकिली, अकाउंट्स अशा कामांतले बहुतेक जण ४४ एडीए कलमाखाली रिटर्न भरतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण सीए आणि बँका दोघंही अजून जुनाच क्रमांक बोलतात. योजना सोपी आहे. वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची. वह्या ठेवायची आणि ऑडिट करायची सक्ती नाही.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ‘किमान निम्मी’ हा शब्दप्रयोग लोक ‘निम्मीच’ असा वाचतात. प्रत्यक्षात नफा त्याहून जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा असतो, कायद्यातही तसंच लिहिलंय. आणि घर घ्यायचं असेल तर त्यातच तुमचा फायदा आहे.

समजा वर्षाला १८ लाख जमा झाले आणि इंटरनेट, सॉफ्टवेअर, लॅपटॉप, प्रवास, कुणाला दिलेलं काम असा सगळा मिळून सहा लाख खर्च झाला. खरा नफा १२ लाख. सवयीने ९ लाख दाखवले तर बँकेच्या हिशेबी तुमचं उत्पन्न महिना ७५ हजार. खरे १२ लाख दाखवले तर महिना एक लाख. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. म्हणजे दोन्ही बाबतींत कर शून्यच, आणि कर्जाची पात्रता मात्र १४ लाखांहून अधिक वाढते. ती कशी, ते पुढे हप्त्याच्या हिशेबात येईल. एक सावधगिरी: शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्याला ही सवलत लागू होत नाही. त्या वर्षी फंड मोडले असतील तर आधी सीएला सांगा.

व्यापार किंवा साधं कंत्राटी काम असेल तर ४४ एडी लागतं, आणि त्यात डिजिटल जमेच्या सहा टक्के नफा दाखवला तरी चालतो. कर वाचवायला ते छान वाटतं. पण २० लाखांच्या जमेवर एक लाख वीस हजार नफा दाखवलेला माणूस बँकेच्या लेखी महिना दहा हजार कमावतो. त्याला घरासाठी कर्ज मिळायचं नाही, आणि बँक मॅनेजरपुढे ‘खरं तर मी जास्त कमावतो’ म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

बहुतेक बँका दोन वर्षांची रिटर्न मागतात, काही तीन. दोन्ही वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात. शेवटच्या वर्षी उत्पन्न एकदम दुप्पट दिसलं तर ती उडी पूर्ण धरत नाहीत. म्हणून चढ हळूहळू दिसू द्या. दोन वर्षांची रिटर्न एकाच महिन्यात भरलेली दिसली की कर्ज अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की ही कर्जासाठीच भरलीत का. मागचं वर्ष खरोखर राहूनच गेलं असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं, पण त्यावर जादा कर लागतो आणि बँक त्याला पूर्ण वजन देईलच असं नाही. अशा वेळी एक वर्ष थांबणं बरं.

रिटर्नबरोबर पुढचा संच तयार ठेवा: प्रत्येक वर्षाचं रिटर्न आणि पोचपावती, उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, फॉर्म २६ एएस आणि एआयएस (तुमच्या नावावर कापलेला कर आणि झालेले व्यवहार यांची आयकर खात्याकडची नोंद). वह्यांची सक्ती नसली तरी बँक नफा-तोटा पत्रक मागतेच. त्यावर सीएची सही, शिक्का आणि यूडीआयएन, म्हणजे सीएच्या त्या कागदाचा ओळख क्रमांक, हवा, नाहीतर फाइल परत येते. शिवाय २६ एएसमधली जमा आणि रिटर्नमधली जमा जुळवून बघा. एखाद्या ग्राहकाने मार्चमध्ये बिल नोंदवून टीडीएस कापला आणि तुम्ही ते पैसे एप्रिलच्या खात्यात धरले, तर फरक पडतो. तो फरक सांगणारं एका पानाचं पत्र सीएकडून आधीच घेऊन ठेवा.

आगाऊ कराकडेही लक्ष द्या. ४४ एडीएखाली तो एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. कर देय असूनही न भरल्याचं कॉम्प्युटेशनमध्ये दिसलं तर तेही विचारलं जातं.

किती हप्ता झेपतो, बँकेच्या नजरेतून

बँक महिन्याच्या उत्पन्नाचा एक ठरावीक हिस्सा सगळ्या हप्त्यांसाठी धरते. स्वयंरोजगारितांना साधारण निम्मा धरतात, उत्पन्न कमी असेल तर त्याहून कमी. उदाहरणासाठी व्याज ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षं धरू. या दराने एक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो.

महिना ७५ हजारांचे निम्मे ३७,५००. भागिले ८६८, म्हणजे सुमारे ४३ लाख कर्ज. महिना एक लाखाचे निम्मे ५० हजार, म्हणजे साडेसत्तावन्न लाखांच्या आसपास. वर म्हटलेला फरक तो हाच.

आता याच हिशेबात गाडीचा ९ हजारांचा हप्ता घाला. पात्रता सरळ सव्वादहा लाखांनी खाली येते. गाडीचं कर्ज संपायला आठ-दहा महिनेच उरले असतील तर आधी ते फेडा, मग अर्ज करा. मोबाइलचे बिनव्याजी हप्ते, ॲपवरचं छोटं कर्ज, क्रेडिट कार्डवर पाडून घेतलेले हप्ते हे सगळे यात मोजले जातात.

पत्नी, पती किंवा आईवडिलांपैकी कुणी नोकरीत असेल तर त्यांना सहअर्जदार करा. नियमित पगाराचं एक नाव असलं की फाइल फार लवकर पुढे सरकते. मालकीत नाव असणाऱ्या प्रत्येकाला बँक सहअर्जदार करतेच. उलटं तसं नाही, सहअर्जदार होण्यासाठी मालक असावंच लागतं असं नाही.

मिहान किंवा आयटी पार्कमधल्या एखाद्या कंपनीत कंत्राटावर असाल, दर महिन्याला ठरलेली फी येत असेल आणि त्यावर १० टक्के टीडीएस कापला जात असेल, तर व्यवहारात तो पगारच आहे. बँक मात्र तुम्हाला स्वयंरोजगारितच धरणार. अर्जात ‘नोकरी’ लिहू नका, पडताळणीत ते खोटं ठरतं. कराराची प्रत, त्याची नूतनीकरणं आणि बारा महिन्यांची बिलं जोडा. एकाच ग्राहकाकडे तीन वर्षं सलग काम असणं ही जमेची बाजू आहे, ती कागदावर दिसू द्या.

खातं, बिलं, सिबिल

सगळी जमा एकाच खात्यात यायला हवी. चालू खातं असेल तर उत्तम, बचत खातं असेल तरी चालेल, पण घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा. ग्राहकाने यूपीआयने वडिलांच्या नंबरवर टाकलेले पैसे तुमच्या उत्पन्नात धरले जात नाहीत. बँक बारा महिन्यांचं स्टेटमेंट बघते आणि महिन्यातल्या ठरावीक तारखांची, म्हणजे ५, १५, २५ अशी, शिल्लक काढून सरासरी धरते. पैसे आले की त्याच दिवशी सगळे फंडात किंवा मुदत ठेवीत वळवायची सवय चांगली असली, तरी अर्जाच्या आधीचं वर्षभर हप्त्याच्या दीडपट-दुप्पट रक्कम खात्यात राहू द्या. चेक परत गेलेला किंवा ऑटो डेबिट फसलेलं स्टेटमेंटवर दिसलं तर नुकसान मोठं होतं.

परदेशी ग्राहक असतील तर प्रत्येक जमेचा परदेशी रक्कम आल्याचा दाखला बँकेकडून किंवा पेमेंट सेवेकडून मागून ठेवा. नुसतं ‘इनवर्ड’ लिहिलेली नोंद कर्ज अधिकाऱ्याला काही सांगत नाही. सेवांची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. जीएसटी रिटर्नमधली उलाढाल आणि आयकर रिटर्नमधली जमा जुळली पाहिजे. व्यवसायाचा पुरावा म्हणून उद्यम (लघुउद्योग) नोंदणी, गुमास्ता (दुकान-आस्थापना परवाना) किंवा जीएसटी प्रमाणपत्र यांपैकी एक तरी किमान दोन वर्षं जुनं हवं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, आजच करून ठेवा. तिच्यावरची तारीखच पुढे कामी येते.

सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, ७५०च्या वर असावेत. वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो, तो अर्जाच्या सहा महिने आधी काढा. त्यात बंद केलेलं कर्ज चालू दिसतंय का, आणि कुणाला जामीन राहिला आहात का, हे बघा. मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला दिलेला जामीन आपण विसरतो, बँक विसरत नाही. एजंटाने एकाच आठवड्यात पाच बँकांत फाइल टाकली तर पाच चौकश्या अहवालात दिसतात आणि गुण उतरतात. एजंटाला लेखी सांगा की फाइल दोनच ठिकाणी जाईल.

घर बघण्याआधी तत्त्वतः मंजुरी

नोकरदार आधी घर पसंत करतो, मग बँकेत जातो. फ्रीलान्सरने उलटं करावं. आधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र घ्या, रक्कम समजू द्या, मगच इसाराची, म्हणजे सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेची, भाषा बोला. हे पत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं.

पहिली फाइल तुमचं खातं जिथे जुनं आहे त्या राष्ट्रीयीकृत बँकेत टाका. व्याज कमी असतं, वेळ जास्त लागतो. दुसरी एखाद्या खासगी बँकेत किंवा गृहवित्त कंपनीत. गृहवित्त कंपन्या रिटर्न कमी असेल तर खात्यातली उलाढाल किंवा जीएसटी बघून कर्ज देतात, पण दर जास्त लावतात. दर ठरवताना तो रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेला आहे का, हे विचारा. बँकांना वैयक्तिक गृहकर्जाचा बदलता दर असा जोडणं २०१९ पासून बंधनकारक आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. तिथे रेपो उतरला तरी तुमचा हप्ता जागचा हलत नाही, असं होऊ शकतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. कर्जाबरोबर चिकटवलेला विमा सक्तीचा नाही. सही करण्याआधी मुख्य तथ्यांचं पत्रक मागा, त्यात सगळे खर्च धरून निघणारा वार्षिक दर एका आकड्यात असतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा.

फ्रीलान्सरला आमचा आग्रहाचा सल्ला ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाचा आहे. या कर्जाला एक खातं जोडलेलं असतं, त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवरचं व्याज त्या दिवसांपुरतं थांबतं, आणि हवे तेव्हा ते काढताही येतात. ज्याची जमा एका महिन्यात तीन लाख आणि पुढचे दोन महिने शून्य, त्याच्यासाठी हीच रचना योग्य. दर किंचित जास्त असतो, आणि खात्यात शिल्लक ठेवायची शिस्त नसेल तर तो वाया जातो.

अर्ज गेला की बँकेचा माणूस पत्त्यावर येतो. ही पडताळणी किरकोळ समजू नका. घरूनच काम करत असाल तर तो घरीच येणार, दहा मिनिटं थांबणार, शेजाऱ्याला विचारणार. दाराला कुलूप, पत्त्यात जुना घर क्रमांक किंवा ‘तो काय काम करतो ते आम्हाला नीट माहीत नाही’ असं घरच्यांचं उत्तर, यांपैकी एका कारणानेही शेरा ‘नकारात्मक’ पडतो. दारावर नावाची पाटी लावा. कामाचं टेबल, दोन-चार करार, बिलांची फाइल दाखवता येईल अशी ठेवा. आईवडिलांना तुमच्या कामाचं एका वाक्यात वर्णन सांगून ठेवा. फोनवरही पडताळणी होते, तेव्हा अनोळखी नंबर उचला.

उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत असेल आणि कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान तपासा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, असं एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात.

हाताशी किती रोख लागते

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत.

५० लाखांचा तयार फ्लॅट घेऊ. कर्ज ४० लाख, स्वतःचे १० लाख. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत मूळ ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्था आणि मेट्रोचे अधिभार. ७ टक्के धरून साडेतीन लाख बाजूला ठेवा आणि नेमकी रक्कम नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या मौजाप्रमाणे काढा. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन मिळून सुमारे ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर ५० हजार. झाले १४ लाख ६० हजार. त्यावर सहा हप्त्यांची गंगाजळी, ३४,७०० रुपयांच्या हिशेबाने दोन लाखांच्या वर. सतरा लाखांची तयारी नसेल तर ५० लाखांचं घर बघू नका, ४० लाखांचं बघा.

मूल्यांकनाचा फटका बहुतेकांच्या हिशेबात नसतो. करारातली किंमत ५० लाख आणि बँकेच्या मूल्यांककाने ४६ लाख धरली, तर ८० टक्के ४६ लाखांचे. कर्ज ३६ लाख ८० हजारांवर येतं आणि ३ लाख २० हजार रुपये ऐनवेळी उभे करावे लागतात.

खरेदीखत फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडीला आलं की ती मिळत नाही. बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि नागपूरसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या फ्लॅटवर १ टक्काच. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर शून्य.

आईवडिलांकडून पैसे घेत असाल तर बँकेमार्फत घ्या आणि भेटपत्र लिहून ठेवा. जवळच्या नातलगांच्या भेटीवर कर नाही, पण पैसे आले कुठून हे बँक विचारतेच.

विक्रेता ‘थोडे नगदी द्या’ म्हणाला तर फ्रीलान्सरने तरी नको म्हणावं. कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळतं, त्यामुळे नगदीचा सगळा भार तुमच्या खिशावर येतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे. आणि करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मूल्यापेक्षा, दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर तो फरक तुमचंच उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो.

नागपुरातले कागद

कर्ज मंजूर होऊनही फाइल इथे अडकते. बँकेचा वकील बँकेचं हित बघतो, तुमचं नाही. स्वतःचा वकील लावा आणि किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या इतिहासाचा अहवाल, घ्या.

पहिला प्रश्न जमिनीचा. मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका क्रमांक, नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि बाहेर सातबारा. आखीव पत्रिकेवर जमीन नझूलची (सरकारी) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावरची दिसली तर पट्ट्याची मुदत कधी संपते ते बघा. ती कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठी हवी. हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क विक्रेत्याने भरावं, हे करारातच लिहा.

दुसरा प्रश्न ले-आऊटचा. शहराच्या दक्षिण-पूर्व कडेला, मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, वाठोडा या पट्ट्यात शेतजमिनींवर पडलेली ले-आऊटं फार. नागपूरकर ज्यांना ‘५७२’ आणि ‘१९००’ म्हणतात ती अनधिकृत ले-आऊटं गुंठेवारी कायद्याखाली टप्प्याटप्प्याने नियमित होत आली आहेत. अशा प्लॉटवरचं घर घेताना फक्त एकच कागद निर्णायक: त्याच प्लॉट क्रमांकाचं नियमितीकरण पत्र, म्हणजे आरएल. ‘डिमांड (नियमितीकरणाचं शुल्क) भरली आहे, आरएल येईल’ हे उत्तर पुरेसं नाही. डिमांडची पावती म्हणजे मंजुरी नव्हे, आणि अनेक बँका आरएलशिवाय फाइल उघडतच नाहीत. आरएलवरचा नकाशा घेऊन जागेवर जा, चारही बाजू मोजा. शेजारी मैदान किंवा बगिचा दाखवलेला असेल तर आपला प्लॉट सार्वजनिक उपयोगाच्या जागेतून तर कापलेला नाही ना, हे प्रन्यासच्या कार्यालयात तपासा.

गृहनिर्माण संस्थेच्या ले-आऊटमधला प्लॉट असेल तर संस्थेने तोच क्रमांक आधी कुणाला विकलाय का, हे इंडेक्स टूमधून, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीतून, बघा. आममुखत्यारपत्रावरून विक्री होत असेल तर मूळ मालक हयात आहे याची खात्री आणि त्याची प्रत्यक्ष सही, दोन्ही मागा.

तिसरा प्रश्न इमारतीचा, म्हणजे तिच्या नकाशाला मंजुरी कुणाची याचा. महापालिका हद्दीत ले-आऊटप्रमाणे महापालिका किंवा प्रन्यास, बाहेर बेसा-पिपळा, जामठा, गोधनीकडे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए. हे प्राधिकरण २०१७ साली आलं. त्यानंतरच्या इमारतीला फक्त ग्रामपंचायतीची परवानगी दाखवत असतील तर तो व्यवहार सोडून द्या. मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजा. तळमजल्यावर पार्किंग दाखवलंय आणि तिथे एक फ्लॅट उभा आहे, किंवा नकाशात तीन मजले आणि जागेवर चार, हे शहरात सर्रास दिसतं. जादा मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त मिळतो, कारण त्यावर कर्ज मिळत नाही. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हाही मिळणार नाही.

छोट्या फ्लॅट स्कीम ही नागपूरची खासियत. आठपर्यंत फ्लॅट असतील किंवा जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागत नाही. म्हणजे बिल्डरवर ती देखरेख नाही, भोगवटा प्रमाणपत्राचा आग्रह तुम्हालाच धरायचाय. नोंदणी असलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. छोट्या स्कीममध्ये विक्रीपत्रात जमिनीचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सगळ्या फ्लॅटांच्या टक्क्यांची बेरीज १०० येते का, हे घोषणापत्रात बघा.

दर सुपर बिल्टअपवर (जिना, लॉबीचा वाटा धरून) सांगतात, तो चटई क्षेत्रावर (आतल्या वापराच्या जागेवर) आणा. १,००० चौरस फूट सुपर बिल्टअप, ५० लाख, दर ५,००० वाटतो. आत मोजलं आणि ६८० भरलं तर खरा दर ७,३५० झाला. दोन फ्लॅटांची तुलना याच आकड्यावर करायची.

२३ सप्टेंबर २०२३च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत पाणी शिरलं. नाग नदी, पिवळी नदी किंवा कुठल्याही नाल्याजवळचा तळमजला घेत असाल तर शेजाऱ्यांना विचारा की त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं.

बांधकाम सुरू असलेला की तयार? फ्रीलान्सरला आम्ही तयार घरच सुचवतो. भाडं आणि कर्जाचं व्याज एकाच वेळी भरणं, तेही ताबा किती लांबेल ते ठाऊक नसताना, अनियमित कमाईच्या माणसाला झेपत नाही.

इसार आणि रजिस्ट्री

इसारपत्रात ही अट शब्दशः घाला: ‘खरेदीदाराचे गृहकर्ज नामंजूर झाल्यास, अथवा मालमत्तेच्या हक्कात दोष आढळल्यास, इसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल.’ नोकरदाराने ही अट सोडली तर फार बिघडत नाही, पण तुमची मंजुरी शेवटच्या टप्प्यावरही फिरू शकते. विक्रीपत्रासाठी मुदत ४५ दिवसांची मागतात, तुम्ही ७५ मागा. इसार शक्य तितका कमी आणि चेकने. मोठा व्यवहार असेल तर स्थानिक मराठी वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर सूचना देऊन हरकती मागवा. वारसांचे वाद त्यातूनच बाहेर येतात.

मुद्रांक आणि नोंदणी फी ऑनलाइन चलनाने भरली जाते. विक्रीपत्राची माहिती आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरायची, वेळ आरक्षित करायची, मग दोन्ही पक्ष आणि दोन साक्षीदार आधार, पॅनसह दुय्यम निबंधकाकडे. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि कर्जमंजुरी पत्रात एकसारखं हवं. चतुःसीमा आणि खसरा क्रमांक मागच्या विक्रीपत्राशी ताडून पहा. एका आकड्याच्या चुकीसाठी चूकदुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यासाठी विक्रेता पुन्हा यावा लागतो.

किंमत किंवा रेडी रेकनरचं मूल्य ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. तो विक्रेत्याच्या रकमेतूनच जातो, जादा लागत नाही. ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांत भरायचा. बँक विक्रेत्याला परस्पर पैसे देते तेव्हा हा टक्का राहून जातो, मग दंड तुमच्या नावावर येतो. बँकेला टीडीएस वजा करूनच डीडी काढायला सांगा.

करबचतीसाठी एक लक्षात असू द्या. ४० लाखांवर पहिल्या वर्षी सुमारे ३ लाख ३७ हजार व्याज जातं, पण स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. पेशातून उत्पन्न असणाऱ्याने जुनी पद्धत निवडून एकदा नवीकडे परत फिरलं की पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. सीएबरोबर पाच वर्षांचा हिशेब मांडूनच ठरवा.

ताबा मिळाल्यावर

हप्त्यासाठी वेगळं खातं उघडा आणि त्यात कायम तीन हप्ते पडून राहू द्या. तारीख १० घ्या, बहुतेक ग्राहक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे देतात. मोठी जमा आली की आधी हप्त्याचं खातं भरायचं, मग बाकी सगळं. ९० दिवस हप्ता थकला की खातं थकीत कर्जात जातं. काम कमी झाल्याची चाहूल लागली तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. चुकल्यानंतर तीच मागणी फार अवघड होते.

आखीव पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार, पट्ट्याची जमीन असेल तर प्रन्यासच्या नोंदीत नाव, महापालिकेत घरटॅक्सवर नाव, महावितरण आणि पाण्याचं बिल, हे सगळं आपल्या नावावर करून घ्या. मूळ कागद बँकेकडे जमा करताना त्यांची सही-शिक्क्यासह यादी घ्या आणि प्रत्येक पानाची स्कॅन प्रत ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने ते परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. ती मागायची तर हीच यादी दाखवावी लागेल.